‘ओके’ची भाऊबंदकी

‘ओके’ हा शब्द तारापूरजवळच्या एका कोळीवाड्यात जन्मला, असं छातीठोक सांगणारी माणसं तिथे अजून भेटतात. ती खोटारडी नाहीत. खोटं मी बोललो होतो.

तेव्हा मी बोईसरच्या एका कारखान्यात कारकून होतो. गेटवरचे वॉचमन मामा त्याच कोळीवाड्यातले. काहीही सांगा, ते म्हणणार, “ओके!” पोरं चिडवत, “मामा, अर्थ तरी ठावा हाय का?” एकदा मामांचा चेहरा इतका पडला की मी ठोकून दिलं, “अरे, शब्द यांच्याच घरातला! यांचे पणजोबा गोऱ्या साहेबाला होडीतून खाडीपार नेत. पाणी शांत दिसलं की आरोळी देत, ओके! साहेबानं तो विलायतेला नेला.”

पोरं हसतील असं वाटलं होतं. कुणीच हसलं नाही. मामांनी डोळे पुसले.

गोष्ट गावात पोचली आणि मामांचा धाकटा भाऊ शब्दावर हक्क सांगायला उभा राहिला. दोघांची होडी सामाईक; गेटवरची पाळी सुटली की मामाही तीवर जात. मामा म्हणाले, “मी थोरला, शब्द माझा. तू ‘बरं’ म्हण.”

“वाटणीत शब्द कवा दिला तुला?”

पंच बसले. भरतीला एकानं म्हणावं, ओहोटीला दुसऱ्यानं, अशी तोड निघाली. ती दोघांनाही पटली नाही. ऐन हंगामात होडी वाळूत पडून राहिली, आणि कोळ्याच्या दोन घरांत मासळी विकत येऊ लागली.

मी घाबरलो. पालघरच्या वाचनालयात जाडजूड कोश उघडला. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रवाल्यांनी ‘ऑल करेक्ट’, म्हणजे ‘सगळं बरोबर’, हे इंग्रजी शब्द गमतीनं ‘ओ’ आणि ‘के’ या चुकीच्या अक्षरांनी लिहून त्यांची आद्याक्षरं घेतली, असं त्यात होतं. त्यापेक्षा माझी थाप खरी वाटत होती. तरी रविवारी जाऊन दोघांना होडीपाशी सगळं सांगितलं.

“म्हंजे शब्द चुकून झाला?” धाकट्यानं विचारलं.

“मुद्दाम चुकून.”

“दादा, हा आपल्या पणज्याला येडा ठरवतो!”

“मामा, ती गोष्ट मीच रचली हो.”

“तू?” मामा उसळले. “तुला वल्हं धरता येत नाय, तू आमचा पणजा रचणार?”

“पेपरवाल्यांनी फितवलाय याला,” धाकटा म्हणाला.

कित्येक आठवड्यांनी भाऊ भावाशी बोलत होता. मला शिव्या देत देतच दोघांनी खांदा लावला आणि होडी पाण्यात लोटली.

पुढे वर्षानुवर्षं ते दोघं मिळून मला शिव्या देत राहिले. मीही पुन्हा खरं सांगायला गेलो नाही. होडी चालली होती.