नाव घातलेले पेले

रविवारी जुन्या बाजारात भांडी घेताना मी हमखास म्हणायचे, "यावर दुसऱ्याचं नाव घातलंय, कमी करा!" केवढी ती हुशारी! तिथे नेहमी दिसणारे एक गृहस्थ मात्र चष्मा कपाळावर चढवून पेल्यांवरची नावं वाचत आणि नाव असलेलेच पेले घेत. एकदा मी कारण विचारलंच.

"मुलगा अमेरिकेत, कॉम्प्युटरमध्ये. घरी मी एकटा," हातातले पेले दाखवत ते म्हणाले, "आज चहा कुसुमताईंकडे, उद्या दत्तोपंतांकडे." मग हळूच म्हणाले, "आपलं नाव काय? तसा पेला दिसला तर घेईन."

परक्या पुरुषाला नाव कसं सांगायचं, म्हणून मी पदर सावरून तरातरा निघाले.

आता मीही एकटीच चहा पिते. तेव्हा एवढं कुलीन व्हायला मला सांगितलं होतं कुणी?