हरणीचं शेवटचं वेत

जतच्या पुढं, कर्नाटकाची हद्द जिथं हाकेवर येते, तिथल्या एका धनगरवस्तीवर धोंडुबाई राहायची. अंगानं काडी, पण जीभ अशी, की कातरीविना मेंढरू भादरावं. नवरा बिराप्पा गरीब गाय. उभ्या जन्मात त्यानं एकच भांडण जिंकलं, तेही धोंडुबाईचा घसा बसला होता म्हणून.

लग्नात दुसऱ्या पोरी भांडीकुंडी आणतात. ही बया कुशीत कारवानी कुत्रीचं पिल्लू घेऊन आली. मादी. आईच्या घरची जात. सासरची माणसं पोट धरधरून हसली. थोरली जाऊ मनुबाई तर येईल-जाईल त्याला सांगायची, "आमच्या धाकलीनं आंदणात कुत्री आनलिया. बारशाला लांडगा आनंल!"

पण ते पिल्लू वाढलं. लांब पाय, मुठीत मावेल अशी कंबर, आणि पळायला लागलं की नुसती धुळीची रेघ दिसायची. एकदा भर दुपारी तिनं मेंढरांभोवतीच्या जाळीतनं, वाघरातनं, कोकरू उचललेल्या लांडग्याला ओढ्यापर्यंत हाणत नेलं, तेव्हापासून हसणारेच पिल्लं मागायला दारात. धोंडुबाई मग काय सोडते? भंडारा-नारळ घेऊन आलेल्याला उभं करून विचारायची, "पोरास्नी दूध देतोस का घरात? मंग कुत्र्याला काय देनार रं, आश्वासन?" आणि शेवटी नर तेवढा द्यायची. मादी मात्र कुणाला म्हणजे कुणाला नाही. मनुबाईनं तर किती वेळा तोंड टाकलं असेल. उत्तर ठरलेलं, "लेक द्यायची तर घर बघून. तुजं घर म्या आतनं बघितलंय."

अशी बाई. आणि तिच्यावर शहाण्णव साल आलं.

आदल्या वर्षी त्या आंदणातल्या कुत्रीच्या नातीची, हरणीची, सगळी पिल्लं आठवड्यात गेली होती. दूध सोडायची, ओकायची, मग रगतहगवण, आणि संपलं. वंशात मादी म्हणून आता हरणी एकटी उरलेली. तिच्या तोंडाभोवती पांढरं झालेलं, आणि पोट पुन्हा भरलेलं. हे शेवटचं वेत, हे धोंडुबाईलाही कळत होतं आणि कुत्रीलाही. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ती गुमान ढोरांच्या दवाखान्याची पायरी चढली.

तिथं डॉक्टर म्हणून शिवांजली नावाची पोरगी. रहिमतपूरची, नुकती बदलून आलेली, शर्ट-पँटवाली.

"तुमाला बाई म्हनू का सायेब?"

"काहीही म्हणा मावशी. पण आधी बसा. काय झालंय?"

धोंडुबाई बसली, आणि बसल्या बसल्या चातीवर लोकर कातायला लागली. हात रिकामा ठेवणं तिला पाप वाटायचं. "दृष्ट लागलिया. जावंची."

सगळं ऐकून घेतल्यावर डॉक्टरीण म्हणाली, "जावेला सोडा. हा विषाणू आहे. लईच बारका." आणि तिनं धोंडुबाईच्या हातातल्या चातीवरचा धागा बोटानं उचलला. "हे सूत एकपदरी आहे ना? त्याचं सगळं भांडवल एवढंच बघा. एकपदरी सुताचा तुकडा आणि वर एक टरफल. हात नाही, चूल नाही, काही नाही. आपल्या अंगात बारक्या बारक्या पेशी असतात, खोल्याच म्हणा. त्यातल्या एखाद्या खोलीत हा शिरतो आणि गप पडून राहतो."

"आमचा दीर हाय की मंग त्यो!"

डॉक्टरीण हसली, पण थांबली नाही. "ती पेशी एकीच्या दोन व्हायला निघाली, की आपलं सूत दुप्पट करायला कारागीर आणि लोकर सगळं बाहेर काढते. हा त्याचीच वाट बघत असतो. तिच्याच कारागिरांकडून आपल्या सुताला दुसरा पदर कातून घेतो. मग त्यावरून आपल्यासारखीच ढिगानं सुतं. शेवटी खोली फुटते आणि सगळे शेजारच्या खोल्यांत घुसतात."

"मंग हरनीला का न्हाई झालं?"

"तिला आधी कधीतरी होऊन गेला असेल, तिचं अंग त्याला ओळखतं. आणि म्हाताऱ्या अंगात वाढ कमी. पिल्लाचं सगळं अंग वाढायच्या घाईत असतं. आतड्याचं अस्तर तर सारखं नवं होत असतं. वाढ असेल तिथं याचं फावतं."

चाती थांबली. "म्हंजी पिल्लू वाढतंय, म्हनून मरतं?"

"होय मावशी."

"लय भाड्या हाय की वो ह्यो," धोंडुबाई म्हणाली, पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

डॉक्टरणीनं मग बजावून सांगितलं. हा आजारी पिल्लाच्या हगवणीतून बाहेर पडतो आणि वर्षभर टिकतो. त्याला ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही. तेव्हा व्यायच्या आधी जागा बदला. अंथरूण जाळा. भांडं फेकून द्या. परकं कुत्रं नको, परकं माणूस नको. सहाव्या आठवड्यात मी स्वतः सांगलीहून बर्फात लस घेऊन येते.

धोंडुबाईनं एकेक शब्द पाळला. आईनं विणलेलं घोंगडं, ज्याच्यावर हरणीच्या आईची आई व्याली होती, ते डोळ्यादेखत जाळलं. दुधाचा परळ फोडला. शेताच्या पार पलीकडं, बाभळीखाली, नवं खोपट घातलं आणि भोवती काटेरी कूप. बिराप्पाला पाय धुतल्याशिवाय आत सोडायची नाही. तो कुरकुरायचा, "आगं, लगनात बी एवढं पाय धुतलं न्हवतं माजं." मनुबाई कुपाच्या बाहेरूनच मान लांब करायची.

फक्त एक गोष्ट तिनं न सांगता केली, कारण ती सांगायची गोष्टच नव्हती. त्यांच्या घरात मेंढरांचा वाडा हलला, की जुन्या जागेची ओंजळभर माती नव्या जागेत घालायची रीत. जनावर रमतं त्यानं. नाहीतर मागं मागं पळतं. हरणी जिथं दर खेपेला व्याली, त्याच कोपऱ्यातली माती धोंडुबाईनं उकरली, पदरात घेतली, आणि नव्या अंथरुणाखाली स्वतःच्या हातानं पसरली.

हरणी तिथं रमली. पाच पिल्लं झाली, त्यांतल्या दोन माद्या. एक तर हुबेहूब आईच्या तोंडाची. धोंडुबाई दिवसभर तिच्याशी भांडत बसायची, "सरक की गं भवाने, भावास्नी बी प्यू दे!"

पाचव्या आठवड्यात त्याच मादीनं दूध सोडलं.

निरोप मिळताच डॉक्टरीण आली. कातडीखाली सलाईन दिलं, इंजेक्शनं दिली, दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पिल्लं एकामागं एक मऊ पडत गेली. शेवटचं गेलं ते धोंडुबाईच्या मांडीवर, तिच्या लुगड्यावर रक्त सोडून.

डॉक्टरणीनं घाम पुसला. "कुणी आलं होतं आत?"

"न्हाई."

"परकं कुत्रं?"

"मुंगीला बी विचारून आत सोडलं म्या."

"जुन्या जागेतलं काही आणलं होतं इथं?"

"न्हाई वो बाई. घोंगडं जाळलं, परळ फोडला, तुमी म्हनला ते समदं क्येलं."

"काहीच नाही?"

बिराप्पा खाली बघत म्हणाला, "माती तेवढी. रीतीची."

डॉक्टरीण होती तिथंच खाली बसली. मग ती म्हणाली, "मातीचं सांगायचं राहिलं माझ्याकडून. माझ्या डोक्यातच आलं नाही मावशी. माती कोण नेईल?"

"आमच्यात नेत्यात," धोंडुबाई म्हणाली. आणि स्वतःच्या तळहातांकडं बघत राहिली, जणू दुसऱ्याच कुणाचे हात तिच्या मनगटाला लावलेत.

डॉक्टरीण गेली. बिराप्पा लांब माळावर खड्डा खणायला गेला. कुपाबाहेर मनुबाई येऊन उभी होती, आणि नवल म्हणजे गप्प होती.

"ये की आत," धोंडुबाई म्हणाली. "आता कुनाला जपायचंय?"

मनुबाई आत आली.

"बोल. जलमभर बोललीस, आता का दातखीळ बसली तुजी? माज्याच हातानं घातली म्या माती. बोल!"

"एक मादी मागितली हुती गं," मनुबाई इतकंच म्हणाली. "माज्या दारात आसती आज."

धोंडुबाई उठून हरणीकडं गेली.

हरणीची सडं दुधानं दाटून दगड झाली होती. ती खोपटात शिरायची, हुंगायची, बाहेर यायची, परत शिरायची. धोंडुबाईनं तिला ओढून आडवी केली आणि दूध पिळायला बसली. कुत्री कळेनं दात काढायला लागली, तसं मनुबाईनं पुढं होऊन तिचं डोकं मांडीत धरलं. दूध जमिनीवर पडत होतं आणि जिरत होतं.