अशील न बघता केलेली सही

सुनीता कर्णिकला पनवेलच्या कोर्टात वकिली करायला लागून एकतीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात तिच्याबद्दल कुणी वाईट बोललं नव्हतं आणि चांगलंही फारसं बोललं नव्हतं. तारखेला वेळेवर येणारी, आवाज न चढवणारी, डब्यातली भाजी शेजारच्या टेबलावर सरकवणारी वकीलबाई, एवढीच तिची ख्याती. म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी तिच्याविरुद्ध बार कौन्सिलकडे तक्रार गेली, तेव्हा बाररूममधल्या प्रत्येकाने आधी "कोण, कर्णिकबाई?" असंच विचारलं.

तिच्याकडे घरगुती वाटपाचे दावे जास्त. आसपासच्या गावांच्या जमिनी सरकारने घेतल्या, बदल्यात भूखंड मिळाले आणि भूखंडांत बहिणींचे हिस्से निघाले. मग भाऊ वाटपाचा दावा लावी आणि बहिणीचा वकीलही तोच ठरवी. वादी-प्रतिवादी एकाच रिक्षातून कोर्टात उतरत आणि तडजोडीत बहीण हिस्सा सोडून देई. बहिणीची वकील बहुतेकदा सुनीता असे. बाईमाणूस बरी, असं भावांना वाटे. वकीलपत्रावर बहिणीचा अंगठा घरूनच उमटून येई. बहीण आजारी आहे, नातवंडं लहान आहेत, आज बाजार आहे, कारणं ठरलेली. खाली 'मी यांना ओळखते' म्हणून सुनीता सही करी. इतरही करत. मग त्यात काही गैर करतोय असं कुणाला वाटेनासं झालं.

बेलपाड्याच्या बुधाजीचा दावा असाच आला. तडजोडीच्या दिवशी त्याच्यासोबत कपाळाखाली पदर ओढलेली एक बाई होती. सुनीताने विचारलं, "मैनाबाई ना?" पदर हलला. सुनीताने सही केली आणि पुढची फाइल घेतली.

ती बाई बुधाजीची बायको होती. त्याची सख्खी बहीण मैना कामोठ्याला दिलेली. तिला हे समजलं चौदा महिन्यांनी, भूखंडाभोवती बिल्डरने पत्रे ठोकले तेव्हा. तिने ओळखीतल्या कुणाकडून दोन अर्ज लिहून घेतले. एक कोर्टात, तडजोड रद्द करा म्हणून. दुसरा बार कौन्सिलकडे, या वकीलबाईने मला कधी पाहिलेलंच नाही म्हणून.

"ताई, सनद जाईल," हितेश म्हणाला. हा तिचाच जुना ज्युनिअर, आता शिस्तपालन समितीपुढे तिच्या बाजूने उभा राहणारा. "मैनाने लिहून दिलं की मी हजर होते, माझा गैरसमज झाला, तर समितीपुढे सिद्ध करायला काही उरत नाही. बुधाजीने तिला तयार केलंय. मी मसुदा टाइप करून आणलाय. तुम्ही फक्त अंगठा घेऊन या."

"मग तिचा कोर्टातला अर्ज?"

"तो पडेल. पण तो तिचा प्रश्न आहे ना, ताई."

संध्याकाळी कणीक मळताना सुनीताने हे कृष्णकांतला सांगितलं. तो बँकेतून निवृत्त झालेला, ओट्याशी उभं राहून शेंगा सोलत होता.

"एकतीस वर्षांत तू माझी तरी ओळख पटवून घेतलीस का?" तो म्हणाला. ती हसली नाही तसा तो गंभीर झाला. "सोड गं. जाऊ दे सनद. पेन्शनमध्ये आपलं भागतंय. बस घरी आरामात."

सुनीताने कणकेवर तेलाचा हात फिरवला. घरी बस, हे सांगणं त्याला सोपं होतं. घरात तिला सकाळपासून कुणीतरी विचारत असे, चहाचा डबा कुठाय, इस्त्रीवाला आला का, आज भाजी काय. कोर्टात तिला असलं काही कुणी विचारत नसे. हे त्याला समजावायचं तर पोळ्यांना उशीर झाला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रिक्षाने कामोठे गावात गेली. उंच इमारतींच्या मागे कौलारू घरांची रांग होती. एका ओटीवर सुकट पसरलेली होती आणि शेजारी एक काळीसावळी, सत्तरीची बाई मांजराला हाकत बसली होती. सुनीताने नाव सांगायच्या आधीच ती बोलली.

"या, वकीलीनबाय. बसा. उरण नाक्यावर म्हावरा घ्यायला येताव ना तुमी?"

सुनीता गोंधळली. "तुम्ही मला ओळखता?"

"पंधरा वर्सं मी बसलंय तिथं. पापलेट घेताना कल्ला उघडून बघताव. दोन येला बघताव. तरी नाक वाकडं करताव." मैनाने मांजराला पुन्हा हाकललं. "म्हावरा एवढा बघून घेताव, मग मानूस बघायला येल नव्हता काय?"

सुनीता ओटीच्या कडेला टेकली. मैनाने आतून पाणी आणून दिलं.

"भाऊ आलता काल," ती खाली बसत म्हणाली. "सांगतो, अंगठा दे, नायतर पुढच्या भाऊबीजेला दारात येऊ नको. आता या वयात मी दुसरं म्हायार कुठून आनू? कागद हाय ना? द्या. कुठं करू अंगठा?"

सुनीताने पर्समधून कागद काढला, शाईची डबी काढली. मैनाने अंगठा पदराला पुसून पुढे केला. कागदात काय आहे, हे तिने विचारलं नव्हतं.

अंगठा हवेत तसाच थांबून राहिला.

"थांबा," सुनीता म्हणाली. "आधी वाचून दाखवते."

ती वाचू लागली. मी मैना अमुकतमुक, तडजोडीच्या दिवशी स्वतः कोर्टात हजर होते. माझ्या वकिलांनी मला मजकूर समजावून सांगितला. मी राजीखुशीने हिस्सा सोडला.

"पन मी तं त्या दिवशी कोर्टान नव्हतीच," मैना म्हणाली. तक्रारीच्या सुरात नव्हे, हिशेब चुकला असेल म्हणून सांगावं तशी.

"नव्हतात."

"मग हे खोटं हाय."

"खोटं आहे. यावर अंगठा केलात तर माझी सनद वाचेल. तुमचा प्लॉट जाईल."

मैनाने सुकटीवरून हात फिरवला. "आनि नाय केला तं?"

"नाही केलात तर तुमच्या अर्जासाठी कुणीतरी कोर्टात सांगायला हवं, की ती बाई तुम्ही नव्हतात." सुनीता थकल्या आवाजात म्हणाली, "ते मलाच सांगावं लागेल. दुसरं कोण सांगणार?"

"भाऊ माझ्याशी बोलनार नाय मग."

"नाही बोलणार बहुतेक."

मैनाने अंगठा परत घेतला. "नाय तरी तो कुठं बोलतो," ती म्हणाली. "भावजयच बोलते सगलं."

समितीपुढे सुनीताने लेखी कबुली दिली. परतताना पनवेल आल्यावर हितेश म्हणाला, "त्रेसष्टाव्या वर्षी काय करणार आहात परत येऊन?" सनद पाच वर्षांसाठी स्थगित झाली होती. तिने आपल्या फाइली चार वकिलांत वाटल्या. कृष्णकांतने पहिल्याच सोमवारी विचारलं, आज भाजी काय.

पावसाळा संपल्यावर मैनाच्या अर्जात सुनीताची साक्ष लागली. काळा कोट नव्हता, म्हणून ती पक्षकारांच्या बाकावर बसली. पुकारा झाल्यावर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गेली. तिथून न्यायाधीश वेगळेच दिसत होते, थोडे लांब. ती बाई मैना नव्हती, एवढं तिने सरळ सांगितलं. मग बुधाजीचा तरुण वकील उलटतपासाला उठला.

"म्हणजे अशिलाला न बघताच तुम्ही ओळखीची सही केलीत?"

"हो."

"अशा आणखी किती सह्या केल्यात, बाई?"

सुनीताला एकामागून एक पदर आठवत गेले, कपाळाखाली ओढलेले. त्यांतला एकही चेहरा आठवला नाही.

"मोजल्या नाहीत," ती म्हणाली.

न्यायाधीशांनी ते टंकलेखकाला तसंच घ्यायला सांगितलं.