जहाजांची नावं रंगवणारा

आखातात हमरियाच्या गोदीत नोकरी करत होतो, तेव्हा सकाळच्या बसमध्ये माझ्या शेजारी देवगडकडचा एक पेंटर बसायचा. नाव कधी विचारलं नाही. बसल्या बसल्या तो गुडघ्यावर बोटाने इंग्रजी अक्षरं गिरवायचा. जुन्या जहाजांवरची नावं खोडून नवी रंगवणं हे त्याचं काम.

युरोपातल्या देशांनी तेव्हा मिळून ठरवलं होतं, की एकेरी कवचाची जुनी तेलवाहू जहाजं आपल्या बंदरांत येऊ द्यायची नाहीत. ती फुटली की किनारे काळे होतात. ती जहाजं मग नव्या मालकांना विकली जाऊन नव्या नावांनी निघायची, त्यामुळे पेंटरला ओव्हरटाइम मिळायला लागला.

"मग ही जहाजं आता जाणार कुठे?" मी विचारलं.

"आपल्याकडंच. आमच्या गावासमोरनं जातात. भाऊ तिथंच मासेमारी करतो."

"आणि एखादं फुटलं तर?"

त्याने गुडघ्यावर एक मोठं अक्षर गिरवलं.

"म्हणून तर अक्षरं मोठी काढतो," तो म्हणाला. "भावाला होडीतनं वाचता आली पाहिजेत. तक्रार करायची तर नाव तरी सांगता येईल."

जहाजाचं नाव किती सहज बदलतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? बस गोदीच्या फाटकाशी थांबली आणि तो "यल्ला, चला" म्हणत उतरला.