उशिरा पोचलेलं

नांदुरा स्टेशनच्या बाकावर ती पाय वर घेऊन बसली होती, मांडीवर लॅपटॉप. फोनवर साहेबाला ठणकावत होती, "तो नियम नाही टाकत म्हटलं ना सर. कामावरून काढा मले."

फोन ठेवून तिनं कडाकडा बोटं मोडली आणि बाकाशेजारी उभ्या असलेल्या मला, मी न विचारताच, सांगू लागली. अनेकांनी मिळून लिहायचं ॲप आणि क्लाउडवरची फाइल यांना जोडणारा ड्रायव्हर, म्हणजे मधला प्रोग्राम, ती लिहीत होती. नेट गेल्यामुळे कुणाचं लिहिलेलं उशिरा पोचलं, तर ते गुपचूप टाकून द्यायचं, असा साहेबाचा हुकूम होता.

"आमच्या देऊळघाटात लाइन गेली की नेट जाते. म्हणून आमचं लिहिलेलं खोटं होते का? मी दोन्ही प्रती ठेवीन, आधीची अन् उशिरा आलेली. ज्याचं त्यानं पाह्यावं."

मी कमी बोलणारा माणूस, पण त्या दिवशी बोललो. पुण्यात मीही हेच काम करतो. असाच हुकूम मलाही मिळाला होता आणि मी मुकाट्यानं पाळला. तो नियम आजही चालू आहे. त्यात कुणाकुणाचं लिहिलेलं गेलं, हे मी कधी पाहिलं नाही. आणि माझं गाव बीबी, तिच्याच जिल्ह्यातलं; तिथंही लाइन अशीच जाते.

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बीबीचे असून? काऊन हो काका?"

"नोकरी होती."

"मंग मले काय नोकरी नको हाये?"

तिचा फोन पुन्हा वाजला. तिनं तो उचलला नाही. भिंतीवरच्या सॉकेटमधून स्वतःचा चार्जर काढला आणि बाकावर सरकून जागा केली.

"लावा तुमचा लॅपटॉप. गाडीले टाइम हाये."

मी बॅगेची चेन उघडली आणि तो नियम काढायला लॅपटॉप बाहेर घेतला.