पाकिटाची पाठची बाजू

गव्हाणकरकाका दुकानात आले की आधी पाकीट उलटं करायचे. चष्मा कपाळावर सारायचा, पाकीट नाकाशी न्यायचं आणि ओठ हलवत बारीक अक्षर वाचायचं. जन्मभर दवाखान्यात कंपाउंडर होते. बाटलीवरचं वाचल्याशिवाय कोणाला चमचाभर औषध दिलं नव्हतं. "पुढे नुसतं चित्र असतं रे शिरीष," ते म्हणायचे, "खरं काय ते पाठी लिहिलेलं असतं."

पूनम सागर वसाहतीत माझं वाँटनचं दुकान आहे. मैद्याच्या पापुद्र्यात कोबी-गाजर नि सोया सॉस भरायचा, पामतेलात दोनदा तळायचं, वरून तिखट-खारट मसाला. पाकिटं करायची ठरली तेव्हा छापणाऱ्यानं विचारलं, "पाठी पोषणाचा तक्ता काय टाकू?" मालाची तपासणी करून घ्यायला हवी होती. मी टेबलावर पडलेलं भाजक्या खाकऱ्याचं पाकीट त्याच्यापुढे सरकवलं. "हाच टाक. कोण वाचतंय?"

काका वाचायचे.

त्यांच्या किडन्या कमजोर झाल्या होत्या. मीठ जवळजवळ बंद. काकू उकडलेला दुधी वाढायच्या, आणि हा रत्नागिरीचा माणूस सुक्या बोंबलाच्या नुसत्या आठवणीनं हळवा व्हायचा. माझा तक्ता वाचून त्यांचा चेहरा उजळला. "मेल्या, एवढंसंच मीठ? खारट तर चांगलं लागतंय!"

"मसाल्यानं लागत असेल, काका," मी म्हणालो.

मग रोज दुपारच्या चहाला एक पाकीट. पुढे त्यांची पावलं सुजली, चपलेचा पट्टा लागेना. मला दिसत होतं. तरी मी पाकीट देत राहिलो. आज सांगू, उद्या सांगू.

काका गेले. आजार जुना होता, डॉक्टरांनी वाँटनचं नावही काढलं नाही. मला मात्र ते विसरता येत नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी काकू आल्या. "उद्या पानात ठेवायला एक दे रे. जीव होता त्यांचा यात." पाकीट हातात घेऊन त्यांनीही ते उलटं केलं. तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. "काकू, ते खोटं आहे. खाकऱ्याच्या पाकिटावरून उतरवलंय. यात मीठ भरपूर आहे."

त्यांनी तक्त्यातल्या मिठाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"मी सांगायचे त्यांना, जिभेला खारट लागतंय ना, मग सोडा," त्या हळू म्हणाल्या. "तर म्हणायचे, शिरीषनं छापलंय. तो कशाला खोटं लिहील?"

पाकीट तसंच उलटं काउंटरवर ठेवून त्या गेल्या.