तळ्यापर्यंतची चाल

माझा मामा त्याच्या कामाच्या खोलीचे पडदे कधी उघडत नाही. बाहेर रणरणती दुपार असली तरी आत संध्याकाळच. उजेड आला की स्क्रीनवरचे रंग खोटे दिसतात, असं त्याचं म्हणणं. मामी म्हणायची, "घुबडाशी लग्न लागलंय माझं. सूर्य बघायचा तर माहेरी जावं लागतं." पण मला ती खोली फार आवडते. टेबलावर उघडी कॅबिनेटं, त्यांत फिरणारे पंखे, कुठे हिरवा दिवा, कुठे निळा, आणि स्क्रीनवर आवाज न करता हलणारी झाडं. थोडा वेळ बसलं की आपण जागे आहोत की नाही तेच कळेनासं होतं. लहानपणापासून मी तिथे कितीदा पेंगले असेन, त्याला गणतीच नाही.

मामाचं काम ग्राफिक्स कार्डं तपासायचं. संगणकावरच्या खेळात जे जे दिसतं, ती चित्रं हे कार्ड काढतं. सेकंदाला जितकी जास्त चित्रं, तितका खेळ सरसर चालतो. नवं कार्ड आलं की कंपनी ते आम्ही काम करतो त्या संगणकाच्या मासिकाकडे पाठवते आणि मामा त्याला घाम फुटेपर्यंत पळवतो. खोक्यावरच्या बढाया वाचून भल्याभल्यांचा मामा होतो, आमचा मामा मात्र खोक्यावरचं अक्षरही वाचत नाही. लिहिण्याच्या नावाने तर सगळा आनंदच आहे. "कार्ड गरम. पंखा बोंबलतो. बाकी ठीक." झालं परीक्षण! त्याची धड वाक्यं करायला मासिकाने मला ठेवलंय. भाची असल्यामुळे मी त्याच्यावर ओरडूही शकते, आणि ओरडतेच.

आता त्या चाचणीबद्दल सांगते. प्रत्येक कार्डाला एकच पेपर दिला तरच गुण खरे, म्हणून खेळातली एखादी फेरी एकदा नोंदवून ठेवतात आणि तीच प्रत्येक कार्डावर पुन्हा चालवतात. आमच्या मासिकात अशी एक फेरी कित्येक वर्षं चालत आली. खेळ जुना. पवनचक्कीपासून निघून, पूल ओलांडून, तळ्यापर्यंत जायचं. वाचक तिला 'तळ्याची चाल' म्हणतात. ती चालणारा हात कुणाचा, हे त्यांना माहीत नाही.

तो हात मामीचा. त्या दिवशी मामा स्वतःच फेरी नोंदवायला बसला होता. शत्रूच्या गोळीने फेरी मध्येच संपू नये म्हणून खेळातलं मरण त्याने बंद करून ठेवलं होतं, चाचणीपुरती तशी सोय असते. नोंद सुरू केली आणि नेमकी दाराची बेल वाजली. कुरिअरवाला नवं कार्ड घेऊन आला होता. मामा गेला तो गेलाच. हाती नवं खोकं आलं की त्याला जगाचा विसर पडतो. इकडे मामी चहाचा कप ठेवायला आत आली, रिकामी खुर्ची दिसली म्हणून टेकली, आणि माऊस कसा हलतो ते बघू लागली. उभ्या जन्मात ती कधी असला खेळ खेळली नव्हती. मी शाळेतून येऊन कोपऱ्यातल्या गादीवर लोळत होते, म्हणून पुढचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

खेळात तिच्या हातात बंदूक होती, पण ती निघाली बाजाराला निघाल्यासारखी. रस्त्याच्या कडेकडेने. प्रत्येक फाटकाशी थांबून आत डोकावली. पवनचक्कीची पाती एकदा पूर्ण फिरेपर्यंत मान वर करून बघत राहिली. पुलावर अर्ध्यात गेल्यावर काहीतरी राहिल्यासारखी मागे वळली आणि पुन्हा पुढे निघाली. एका घरातून धूर निघत होता, तो कुठवर जातो तेही तिने पाहिलं.

"अगं बाई, हा माणूस मागे का लागलाय?" तिने मला विचारलं.

"तो पहारेकरी आहे मामी. गोळ्या झाडतोय तुझ्यावर."

"झाडू दे. रिकामटेकडा मेला. ते तळं बघ तू."

आणि तळं बघता बघता बाई सरळ पाण्यात गेली. तळाशी पोचून तिने वर पाहिलं. पाण्यातून खाली येणारं ऊन, हलणारी पानांची सावली, सगळं हिरवं हिरवं. मग बाहेर कसं यायचं ते सापडेना, तशी ती ओरडली, "अहो, बाहेर काढा मला! अहो!" बाहेरच्या खोलीतून "आलो, आलो" ऐकू आलं. मग मामा आला, तिच्या हातावर हात ठेवून त्याने नोंद बंद केली, आणि दोघंही हसत सुटली. चहा निवून गेला होता.

मामा ती नोंद पुसूनच टाकणार होता. पण पुसण्याआधी एका कार्डावर चालवली, तर कार्डाची दमछाक झाली. मामा स्वतः खेळायचा तेव्हा शत्रू सोडून कुठे बघायचाच नाही. मामीने पानं, धूर, पाणी, आभाळ सगळं बघितलं होतं, आणि कार्डाला सगळ्यात जड तेच जातं. तेव्हापासून तीच चाल कायम झाली. मामी मग नव्या कार्डाचं खोकं दिसलं की विचारायची, "काय, आज आम्हाला फिरायला नेणार का?"

पुढे आजारपणात मामी गेली. चाल राहिली. प्रत्येक नव्या कार्डावर मामा ती चालवायचा, आणि शेवटी पाण्याखालून वर बघणारा तो भाग आला की तोंडातल्या तोंडात म्हणायचा, "आलो, आलो." मी ऐकलं न ऐकल्यासारखं करायचे. दुसरं काय करणार? त्याच्या घरात मामीचा एकही फोटो बाहेर मांडलेला नाही. रिकाम्या वेळी त्याने ती चाल कधी लावली नाही. काम म्हणून बघितलं तर चालतं, असं काहीतरी त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

पण चाचणीत चाल खऱ्या वेगाने चालत नाही. एक चित्र काढून झालं की लगेच पुढचं, मध्ये थांबणं नाही. म्हणजे कार्ड जितकं दमदार, तितकी चाल लवकर संपते. सुरुवातीच्या कार्डांवर मामी रमतगमत जायची, पाण्याखाली जास्त वेळ लागला तरी तो कार्डाचा संथपणाच वाटायचा. मग झपझप चालायला लागली. मग पळायला. कार्डं सुधारत गेली आणि मामीच्या सहवासाचा वेळ कमी होत गेला, इतकं साधं गणित होतं ते, आणि मला त्याचा राग यायचा.

मग ते दोन प्रोसेसरांचं कार्ड आलं. बाजारातलं सगळ्यात भारी. एका प्रोसेसरने एक चित्र काढायचं, दुसऱ्याने पुढचं, अशी आळीपाळी. कार्ड इतकं लांब की कॅबिनेटात मावेना, मामाला आतला डिस्कचा कप्पा स्क्रू काढून बाजूला करावा लागला. पंखा सुरू झाला तेव्हा मला मोठ्याने बोलावं लागलं. त्याच दुपारी कंपनीचा माणूस ते परत न्यायला येणार होता.

संपादकांचा निरोप माझ्याकडे होता. "त्या जुन्या खेळाची चाचणी या कार्डापासून बंद करा. असल्या कार्डापुढे तिला काही अर्थ नाही." ही चाचणी गेली की मामीकडे बघायला मामापाशी कामाचं निमित्त उरणार नव्हतं. हे मला कळत होतं, आणि तरी निरोप मलाच सांगायचा होता.

"बरोबर आहे त्यांचं," मामा म्हणाला. एवढंच. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याने नवे खेळ एकेक करून चालवले. आकडे डोळे पांढरे होतील असे आले. मग, शेवटची म्हणून, त्याने तळ्याची चाल लावली. पवनचक्की दिसली न दिसली, पूल गेला, धूर गेला, हिरवं काहीतरी चमकलं आणि संपलं. मामाच्या तोंडून नुसता "आ" निघाला. पुढचं अक्षर म्हणायला वेळच मिळाला नाही. स्क्रीनवर आजवरचा सगळ्यात मोठा आकडा आला होता आणि मामा त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हता.

"मामा, ही खऱ्या वेगाने चालवता येत नाही का?"

"येते की. पण ते काम नव्हे."

"आज आहे. परीक्षण मी लिहिते ना? मग मी सांगते, अजून बाकी आहे. लाव!"

मामाने माझ्याकडे पाहिलं. मग चित्र खुलवणारी खेळातली एकूण एक सोय त्याने टोकाला नेली, टेबलावरच्या तिन्ही स्क्रीन जोडल्या, आणि चाल लावली. समोर अख्खी दरी उघडली. मामी निघाली, कडेकडेने. पण काहीतरी खटकत होतं. सेकंदाला किती चित्रं, तो आकडा उत्तम होता, तरी रस्ता हिसके देत सरकत होता. चित्रं सारख्या अंतराने येत नव्हती. दोन लगोलग यायची, मग खंड पडायचा.

"ही अशी चालत नव्हती," मामा म्हणाला.

त्याने चाल थांबवली, दोनपैकी एक प्रोसेसर बंद केला आणि पुन्हा पहिल्यापासून लावली. आकडा निम्म्यावर आला. चाल मात्र संथ, एकसारखी झाली. प्रत्येक फाटकापाशी थांबणारी, पुलावरून मागे वळणारी आमची मामी.

"लिही," मामा नजर न हलवता म्हणाला. "आकडा मोठा. चाल लंगडी." त्या परीक्षणात मी तेवढी दोन वाक्यं त्याची तशीच ठेवली.

कधी नव्हे ते दूरचे डोंगर स्पष्ट दिसत होते. पाती फिरत होती. खोलीत अर्धा अंधार, पंख्याची घरघर, आणि मी पुन्हा शाळेतून येऊन गादीवर लोळतेय असं मला वाटत होतं. मामी पाण्यात उतरली. तळाशी गेली. वर बघू लागली.

"आलो, आलो," मामा म्हणाला. पण चाल संपली नाही. ऊन खाली येत राहिलं, पानांची सावली हलत राहिली. मामी जरा डावीकडे वळली, जरा उजवीकडे, पुन्हा वर बघू लागली. मामाने पुन्हा म्हटलं, "आलो गं." तरी ती थांबूनच होती. आम्ही दोघं बघत बसलो. मग एकदाची स्क्रीन काळी झाली.

"केवढा वेळ थांबली होती गं ती," मामा म्हणाला. "मला आपलं वाटत होतं, हाक आल्याआल्या मी धावलो."

"खोकं फोडत बसला होतास तू," मी म्हटलं. मला खोटं बोलायला जमत नाही. "पण आलास."

दाराची बेल वाजली. कार्ड न्यायला माणूस आला होता. मामा सवयीने अर्धा उठला, आणि परत खाली बसला.

"थांबू दे त्याला जरा," तो म्हणाला, आणि पवनचक्कीपासून त्याने चाल पुन्हा सुरू केली.